विनातिकीट हुल्लडबाज

बरेच दिवस लिहायचं टाळत होतो. लांब आहे, सवड असेल तरच वाचा. सुरुवात पॅरिसपासून आहे, पण शेवटी आपल्याच ग्राउंडवर यायचंय.

28 मे 2022, शनिवार. नाईट शिफ्टला मी डेस्कवर एकटाच. दुसऱ्या दिवशी अहमदाबादला आयपीएलची फायनल होती, गुजरात विरुद्ध राजस्थान, त्यामुळे खेळाचं पान त्यानंच भरलं होतं. खाली कोपऱ्यात चार ओळींची जागा उरली. पॅरिसला चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध रियल माद्रिद. आपल्याकडे साडेबाराला सुरू होणार. पाऊण वाजला, एक वाजला, मॅच सुरूच होईना. स्टेडियमच्या पडद्यावर कारण झळकत होतं : प्रेक्षक उशिरा आल्यामुळे विलंब. एजन्सीनं तेच पाठवलं. पान सोडायची वेळ झालेली. मी हेडिंग दिलं, ‘प्रेक्षक उशिरा आल्याने फायनल लांबली’, आणि घरी जाऊन झोपलो.

रविवारी कारण बदललं. आता म्हणे हजारो लोक बनावट तिकिटं घेऊन आले होते. सोमवारी फ्रान्सचे गृहमंत्री जेराल्द दारमानां यांनी पत्रकार परिषद घेऊन आकडाच दिला : तीस ते चाळीस हजार ब्रिटिश प्रेक्षक विनातिकीट किंवा बनावट तिकिटांवर. मंत्री बोललेत, आकडा आहे, म्हणजे बातमी पक्की. मंगळवारच्या अंकात दोन कॉलम गेली. हेडिंग माझंच, ‘बनावट तिकीटवाल्यांचा पॅरिसमध्ये धुडगूस’.

तीन दिवसांत दोन हेडिंगं. दोन्ही चूक.

खरं काय घडलं ते नंतर फ्रान्सच्या सिनेटच्या अहवालातून आणि युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीच्या अहवालातून बाहेर आलं. मी दोन्हींच्या बातम्या बारकाईनं वाचल्या, कारण तोपर्यंत मला ते टोचायला लागलं होतं. थोडक्यात सांगतो.

ही मॅच मुळात पॅरिसची नव्हतीच. ती सेंट पीटर्सबर्गला ठरली होती. रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी, 25 फेब्रुवारीला, युएफानं ती पॅरिसला हलवली. तयारीला जेमतेम तीन महिने. पॅरिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आयफेल टॉवर येतो. पण हे स्टेडियम टॉवरपाशी नाही, शहराच्या उत्तरेला साँ-दनी म्हणून गाव आहे तिथं आहे. फ्रान्सच्या राजांच्या समाध्या तिथल्या चर्चमध्ये आहेत आणि जिल्हा मात्र देशातल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक. पर्यटक पॅरिस बघतात, मॅचला साँ-दनीला जातात आणि परत पॅरिसला येतात. मधल्या रस्त्यावर कोण राहतं याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं.

त्या दिवशी स्टेडियमला जाणाऱ्या दोन लोकल लाइनींपैकी एकीवर, आरईआर बी वर, संप होता. साहजिकच लोक दुसऱ्या लाइनीनं, आरईआर डी नं आले. तिथून स्टेडियमकडे येणारी वाट हायवेखालच्या अरुंद बोगद्यातून होती. त्या बोगद्याच्या तोंडाशी पोलिसांनी गाड्या आडव्या लावून तिकीट तपासणीचं नाकं बसवलं. गर्दी वाढेल आणि लोक दुसऱ्या वाटेनं वळवावे लागतील, हे कुणी ठरवलंच नव्हतं. आपल्याकडे जत्रेत जो माणूस दर्शनाच्या रांगेचे बांबू बांधतो ना, त्याला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं की नळाच्या तोंडावर अंगठा ठेवलाय.

लोक मॅचच्या दोन-दोन, तीन-तीन तास आधी येऊन उभे होते. उशिरा कुणी आलं नव्हतं. चेंगराचेंगरी होईल असं वाटल्यावर नाकं एकदम उठवलं, आणि सगळी गर्दी स्टेडियमच्या कुंपणावर येऊन थटली. तिथं गेट बंद केलेले. त्यात तिकीट नसलेली आसपासची पोरं कुंपणावरून उड्या मारायला लागली. हेही झालं, नाकारण्यात अर्थ नाही. पण पोलिसांनी अश्रुधूर आणि मिरचीचा फवारा मारला तो रांगेत निमूट उभ्या असलेल्यांवर. त्यात लहान पोरं होती, म्हातारी माणसं होती, व्हीलचेअरवरचे लोक होते. हातात रीतसर तिकीट.

तिकिटाचं सांगतो. लिव्हरपूलचाच खेळाडू अँडी रॉबर्टसन. त्यानं क्लबकडून मिळालेलं तिकीट आपल्या मित्राला दिलं होतं. गेटवर त्या मित्राला सांगितलं, हे बनावट आहे. संघातून खेळणाऱ्या माणसानं दिलेलं तिकीट! प्रत्यक्षात गेटच्या मशिनवर बनावट म्हणून सापडलेली तिकिटं सुमारे 2,600. कुठं 2,600 आणि कुठं चाळीस हजार. पॅरिसचे तेव्हाचे पोलीसप्रमुख दिदिए लालमां यांना सिनेटच्या समितीपुढे विचारलं, हा आकडा आणला कुठून? त्यांना कबूल करावं लागलं की त्याला शास्त्रीय आधार असा नाही. अश्रुधुराबद्दल त्यांनी माफीही मागितली.

मग कॅमेरे काय सांगतात ते बघा म्हणाल, तर तेही ऐका. स्टेडियमच्या सीसीटीव्हीचं फुटेज सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवा असं कुठल्याही तपास यंत्रणेनं वेळेत लेखी मागितलंच नाही. जगभर बोंब झालेली घटना, मंत्री रोज बोलतायत, सिनेट चौकशी करतंय, आणि फुटेज पुसलं गेलं.

आता या सगळ्यातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, ती मॅच संपल्यानंतरची आहे. माद्रिद 1-0 नं जिंकलं, गोल व्हिनिशियस ज्युनियरचा. लोक बाहेर पडले. बाहेर त्यांची वाट बघत टोळ्या उभ्या होत्या. घड्याळं हिसकावली, मोबाईल, पाकिटं, बॅगा हिसकावल्या, मारहाण केली. इंग्रजांना लुटलं तसं जिंकलेल्या स्पॅनिश लोकांनाही लुटलं. बायका-पोरं घेऊन लोक स्टेशनकडे पळत होते. त्या दिवशी सहा हजारांहून जास्त पोलीस तैनात होते. ते कुठं होते? ते ‘हूलिगन’ शोधत होते. ढाली, शिरस्त्राणं, अश्रुधूर, सगळी तयारी दंगलखोर इंग्रज प्रेक्षकांसाठी. दंगलखोर आलेच नाहीत. आले ते चोर, आणि चोरांसाठी तिथं कुणीच उभं नव्हतं.

दारमानां यांनी पुढं कधीतरी हे मान्य केलं आणि लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची माफी मागितली. जुलै 2022 मध्ये सिनेटनं स्पष्ट म्हटलं होतंच की दोष प्रेक्षकांचा नव्हता. फेब्रुवारी 2023 मध्ये युएफाच्या समितीनं मुख्य जबाबदारी युएफाचीच असल्याचं सांगितलं, आणि त्या रात्री माणसं मेली नाहीत हे केवळ नशीब, अशा अर्थाचं लिहिलं. पुढच्याच महिन्यात युएफानं तिकिटाचे पैसे परत द्यायचं जाहीर केलं.

पोलिसांना लिव्हरपूलच्याच लोकांची भीती का? तर 1989. शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम, 15 एप्रिल, एफए कपची सेमीफायनल. जाळीच्या पिंजऱ्यासारख्या स्टँडमध्ये चेंगरून माणसं गेली, आजवरचा आकडा 97. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा. पोलिसांच्या प्रमुख अधिकाऱ्यानं तेव्हाच सांगून टाकलं की प्रेक्षकांनी गेट तोडलं. गेट उघडायचा हुकूम त्यानं स्वतः दिला होता. चार दिवसांनी ‘द सन’नं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘सत्य’ असा मथळा देऊन छापलं की दारुड्या प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे मारले, पोलिसांवर लघवी केली. त्यातलं काही खरं नव्हतं. प्रेक्षकांचा दोष नव्हता हे कोर्टाच्या ज्युरीनं सांगायला 2016 साल उजाडलं. 27 वर्षं. आणि पॅरिसच्या पोलिसांनी 2022 मध्ये बंदोबस्त आखताना हिल्सबरो म्हणजे प्रेक्षकांची दंगल, हाच जुना समज धरला होता, असं युएफाच्या अहवालात आहे.

लिव्हरपूल शहरात आजही कित्येक दुकानांत ‘द सन’ ठेवत नाहीत. पण मला ‘द सन’पेक्षा दुसराच एक तपशील जास्त टोचतो. ती बातमी लंडनच्या कुणा मोठ्या संपादकानं मनानं रचली नव्हती. शेफील्डमधल्या एका छोट्या स्थानिक वृत्तसंस्थेनं ती पुरवली. त्यांना कुणी सांगितलं? तिथल्या काही पोलिसांनी आणि तिथल्या एका खासदारानं. म्हणजे नेहमीचे ओळखीचे लोक. रोज फोन होणारे. अशी वृत्तसंस्था म्हणजे कोण असतं? मी असतो. माझ्यासारखा तालुक्याचा वार्ताहर, ज्याला रोज चार बातम्या द्यायच्या असतात आणि उद्या परत त्याच ठाण्यात जाऊन त्याच खुर्चीवर बसून चहा प्यायचा असतो.

एवढं सगळं मला 2023 पासून माहीत होतं. चार ठिकाणी सांगितलंही असेल मी. एकदा पत्रकारितेच्या पोरांसमोर बोलायला बोलावलं होतं, तिथं पॅरिसचं हे उदाहरण दिलं आणि टाळ्या घेतल्या. हे मुद्दाम सांगतोय.

आता या हिवाळ्यातलं. आपल्याकडची डे-नाईट टेनिस बॉल स्पर्धा बहुतेकांना आठवत असेल. कुणाच्या वाढदिवसाची, कुणी भरवली, ते इथं लिहीत नाही, माहीत आहे सगळ्यांना. फायनलच्या रात्री हायस्कूलच्या ग्राउंडच्या मागच्या गेटवर चेंगराचेंगरी झाली, लाठी चालली, सात-आठ जण पडले. त्याच गडबडीत पार्किंगमधून दोन गाड्या गेल्या आणि मोबाईल किती गेले त्याची मोजदाद नाही. साँ-दनीच म्हणा की, फक्त बाजूला उसाचे ट्रॅक्टर.

मी ग्राउंडवर नव्हतो. घरी होतो. साडेअकराला ठाण्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर प्रेसनोट आली. ‘विनातिकीट हुल्लडबाजांनी गेट तोडण्याचा प्रयत्न केल्याने पोलिसांनी सौम्य लाठीमार करून परिस्थिती नियंत्रणात आणली.’ ही ‘सौम्य लाठीमार’ची गंमत बघा. वीस वर्षं या धंद्यात आहे, कडक लाठीमाराची प्रेसनोट अजून आलेली नाही. मी एका अधिकाऱ्याला फोन केला, त्यानं तेच वाचून दाखवलं. आयोजकांपैकी एकाला केला, तो म्हणाला, “पब्लिकच तशी होती, भाऊ.” झाले दोन सोर्स. जखमींची नावं दवाखान्यातून घेतली. बातमी वीस मिनिटांत टाकली. हेडिंग : ‘विनातिकीट हुल्लडबाजांचा गोंधळ, आठ जखमी’. खाली नावं, गावासकट.

दहाव्या दिवशी एक गृहस्थ ऑफिसला आले. धोतर, टोपी, हातात रेक्झिनची पिशवी. पाणी दिलं, घेतलं नाही. पिशवीतून आमच्या पेपरचं कात्रण काढलं, टेबलावर ठेवलं आणि एका नावाखाली बोट धरलं.

“ह्यो माझा पोरगा, सायब.”

मी म्हटलं, “बरं. कसाय आता?”

“पाय मोडलाय. सळई घातलीय. भरतीची तयारी करत व्हता, पोलिसात. आता काय.”

मी काहीतरी बोललो, बरा होईल वगैरे. त्यांनी परत पिशवीत हात घातला आणि एक तिकीट काढलं. गुलाबी, चुरगळलेलं, एक कोपरा फाडलेला, म्हणजे पुढच्या गेटवर तपासून झालेलं. किंमत पन्नास रुपये. 

“हे त्याच्या प्यांटीच्या खिशात व्हतं. दवाखान्यात कापडं दिली नर्सबाईनं, त्यात घावलं. तुमी विनातिकीट लिव्हलंय.”

मला त्या क्षणी रॉबर्टसनचा मित्र आठवला, हे खरं आहे. आणि आठवून काही उपयोग नव्हता, हेही खरं आहे.

मी म्हटलं, “तात्या, ती पोलिसांची नोट होती.”

“व्हय. पर नाव तुमी छापलं.”

भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. त्यांची अडचण वेगळीच होती. पोरावर गुन्हा दाखल नाही, गुन्हा ‘अज्ञात जमावा’वर आहे. म्हणजे पोलिसांच्या कागदावर पोरगा कुठंच हुल्लडबाज नाही. तो फक्त आमच्या पेपरात आहे. उद्या पाय नीट झाला, परत भरतीला उभा राहिला, चारित्र्य पडताळणीला कुणी गावात विचारलं, तर गावातल्या एखाद्यानं हेच कात्रण काढून दाखवायला नको, एवढीच त्यांची काळजी. “तेवढा शब्द काढता येईल का?” असं विचारलं. छापलेल्या पेपरातून शब्द काढता येत नाही, हे त्यांना सांगताना मी खिडकीकडे बघत होतो.

ते गेल्यावर मी जे आधी करायला पाहिजे होतं ते सुरू केलं. आधी तिकीट बघितलं, त्याचा फोटो काढून ठेवला होता. त्यावर नंबर आहे, 3,914. आता ते ग्राउंड मी पोरपणापासून बघतोय. लाकडी गॅलरी धरून, दाटीवाटीनं बसवली तरी दीड-दोन हजारांच्या वर माणूस मावत नाही. म्हणजे तिकिटं जागेच्या दुप्पट तरी फाडली. मग गेटवर रेटारेटी कुणामुळे झाली? आयोजकांना विचारलं, किती पुस्तकं छापली होती? “तो हिशोब दुसऱ्याकडं आहे.” ज्याच्याकडं हिशोब तो फोन उचलत नाही. ज्यांच्या पोरांना तिकीट घेऊनही आत जागा मिळाली नाही ती परत बाहेर आली, मागच्या गेटनं आत जायला बघत होती. आणि मागचं गेट बंद का होतं, तर पाहुण्यांच्या गाड्या आत लावल्या होत्या. हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. नावानं बोलायला एकही तयार नाही.

हायस्कूलचे कॅमेरे आहेत दोन. मी गेलो बघायला. क्लार्क म्हणाले, “आठवड्याचं राहतं फक्त, मग त्याच्यावरच नवीन चढतं. कुणी आलंच नाही मागायला.” मी अकराव्या दिवशी गेलो होतो.

खुलासा छापा म्हणून वरती सांगितलं. उत्तर आलं, आता कशाला उकरताय, जाहिरातीचं बघा आधी, स्पर्धेची पानभर जाहिरात होती. शेवटी तीन आठवड्यांनी आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली चार ओळी आल्या. ‘जखमींपैकी काहींकडे तिकीट असल्याचे समजते.’ समजते! माझ्या टेबलावर तिकीट ठेवलं होतं माणसानं. वेबसाइटवरची बातमी मात्र मी स्वतः बसून बदलली, हेडिंगसकट, आणि खाली लिहिलं की आधीच्या बातमीत चूक होती. वेबसाइट आमची वाचतं कोण, तो भाग वेगळा.

परवा स्टँडजवळच्या टपरीवर बंगळुरूचा विषय निघाला. 4 जून 2025 ला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जण गेले, तेव्हाही पहिल्याच दिवशी वरून हेच ऐकायला मिळालं की स्टेडियम 35 हजारांचं आणि लोक लाखांनी आले. लोकांना बोलावलं कुणी, गेट किती उघडे होते, हे प्रश्न नंतर आले. टपरीवर एकजण म्हणाला, “पब्लिकला अक्कलच नाही.” मी गप्प बसलो. पूर्वी मान डोलावली असती.

तर आता कामाचं. त्या फायनलच्या रात्री मागच्या गेटवर किंवा पार्किंगमध्ये जे कुणी होते, त्यांच्यातल्या कुणाकडे मोबाईलमध्ये व्हिडिओ असेल, कितीही हललेला असो, तो डिलीट करू नका. मला मेसेज करा. तिकीट राहिलं असेल तर त्याचा नंबर दिसेल असा फोटो पाठवा, 3,914 च्या पुढचे नंबर तर हवेच आहेत. ज्यांची गाडी किंवा मोबाईल गेला आणि ठाण्यात ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं, त्यांनीही कळवा. नाव कुणाचंही छापणार नाही, विचारल्याशिवाय तर नाहीच. तात्यांच्या पोराचंही इथं लिहिलेलं नाही. ज्यांच्याकडे ते जुनं कात्रण आहे त्यांना दिसेलच, पण कृपा करून कमेंटमध्ये टाकू नका.

बातमी पूर्ण झाली की पेपरात देईन. तिथं नाही आली तर इथं टाकेन.